मॅकिनॉ बेटावरची पंगत

आपण हवा खायला जातो असे म्हणतो खरे, परंतु नुसती हवा खाऊन कोणी परत आल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. लोणावळ्याला किती डोंगर पाहिले हे विसरायला होते, चिक्कीचा पुडा मात्र आठवणीने येतो. महाबळेश्वरचे पॉइंट एकमेकांत मिसळून जातात, पण स्ट्रॉबेरीची चव जिभेवर राहते. म्हणून प्रवासाहून आलेल्या माणसाला आपल्याकडे "काय पाहिलंत?" याच्या आधी "जेवणाखाण्याचं काय केलंत?" असे विचारतात, त्यात मला काही गैर वाटत नाही. परक्याला गाव काय वाढते, कोणाच्या हातून वाढते आणि किती दाम घेते, यावरून त्या गावाची ओळख फार लवकर पटते.

आणि ते गाव एखाद्या बेटावर वसलेले असेल तर? मग मिठाच्या चिमटीपासून चहाच्या पत्तीपर्यंत सारे पाण्यावरून आणायचे. अशा एका बेटावर या जूनमध्ये आम्ही तीन दिवस होतो. तिथे खावे काय, प्यावे काय आणि कशाच्या नादी लागू नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, मिशिगन राज्यात, ह्यूरन नावाच्या अफाट सरोवरात हे मॅकिनॉ बेट आहे. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'सी' हे अक्षर लिहितात, पण ते उच्चारत नाहीत. जो उच्चारतो तो परगावचा, हे तिथे पोरसुद्धा ओळखते. माझी धाकटी मेहुणी आणि तिचे यजमान डेट्रॉइटजवळ राहतात. त्यांच्या मोटारीतून साडेचार तास उत्तरेकडे गेलो आणि मग बोटीत बसलो. आमच्याबरोबर माझी आत्याही होती. तिचे वय बहात्तर, आहार शाकाहारी आणि जिज्ञासा कोणत्याही पंचविशीच्या मुलाला लाजवील अशी.

बेटाचा घेर अवघा आठ मैल. १८९८ साली इथल्या गावाने मोटारींना बंदी केली, कारण त्या धडधडणाऱ्या यंत्राला घोडे बुजत. ती बंदी आजही चालू आहे. माथेरान पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचे नवल वाटायचे नाही. पायी चाला, सायकल घ्या, नाहीतर घोड्याच्या गाडीत बसा. उन्हाळ्यात शेकडो घोडे बेटावर राबतात आणि त्यांचा सुगंध पहिल्या घासाच्या आधी तुमच्यापर्यंत पोहोचतो!

परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा एक वास येतो: उकळत्या साखरेचा, लोण्याचा आणि चॉकलेटचा. मुख्य रस्त्यावर ओळीने फजची दुकाने आहेत. फज म्हणजे काय, हे आपल्या गृहिणींना चटकन समजावे म्हणून सांगतो: साखर, दूध किंवा साय, लोणी आणि चॉकलेट तांब्याच्या मोठ्या कढईत आटवायचे, पाक गोळीबंद झाला की तो संगमरवरी पाटावर ओतायचा आणि लांब दांड्याच्या पळीने उलथापालथ करीत त्याचा लांबट लाडू वळायचा. मग सुरीने जाड तुकडे पाडायचे. हे सारे काचेमागे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. दुकानदार पंखे लावून तो वास रस्त्यावर सोडतात असे सांगतात. आम्हांला तर पंख्याचीही गरज पडली नाही.

या धंद्याची सुरुवात १८८७ साली मर्डिक नावाच्या कुटुंबाने केली. हे मूळचे शिडे शिवणारे लोक. बेटावर मोठे हॉटेल उभे राहत होते, त्याच्या कापडी छपऱ्या शिवायला बापलेक आले आणि मिठाईवाले होऊन राहिले, अशी हकीकत तिथे ऐकायला मिळते. आज उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना गावकरी थट्टेने 'फजी' म्हणतात. आपण तरी लोणावळ्याला उतरणाऱ्यांना 'चिक्कीवाले' म्हणायला काय हरकत आहे?

आत्याने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "छान आहे रे. आपल्या बर्फीची मावसबहीण. पण यात इथलं काय?"

"म्हणजे?"

"साखर इथली नाही, चॉकलेट इथलं नाही, दूधही बोटीतून येत असणार. मग इथलं काय?"

"वळणारा हात," मेहुणी म्हणाली.

"ते मान्य," आत्या म्हणाली. परंतु त्या क्षणापासून तीन दिवस हा प्रश्न आमच्या पानावर मिठासारखा वाढला गेला. जिथे बसू तिथे आत्या विचारी, "यात इथलं काय?" आणि खरे सांगायचे तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा त्या प्रश्नानेच आम्हांला अधिक चांगले जेवू घातले.

बेटावर सामान येते कसे, हे पाहायचे असेल तर सकाळी लवकर धक्क्यावर जावे. बोटीतून पिठाची पोती, भाजीच्या पेट्या, बर्फ, बियरची पिंपे उतरतात आणि दोन घोड्यांच्या सपाट गाड्यांवर चढतात. टपालही तसेच, पाहुण्यांच्या पेट्याही तशाच. प्रत्येक टोमॅटोने एकदा बोटीचा आणि एकदा घोड्याचा प्रवास केलेला असतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे हॉटेलातले बिल पाहून येणारा राग थोडा निवळतो. थोडाच, सगळा नाही.

ज्यांना खिसा सांभाळायचा आहे त्यांनी धक्क्याजवळच्या डाउड्स मार्केटची वाट धरावी. हे वाणसामानाचे दुकान १८८४ सालापासूनचे. पाव, चीज, फळे, दही आणि थंड पेये घेऊन आम्ही काठाकाठाने चालत निघालो आणि पाण्याजवळच्या एका बाकावर फराळ केला. समोर लाटा होत्या, वर पांढरे पक्षी होते, पलीकडचा काठ दिसत नव्हता. आत्याने ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावले आणि चकित होऊन म्हणाली, "अरे, मीठच नाही!" गोड्या पाण्याचा समुद्र हे आपल्या कोकणी डोळ्यांना न पटणारे प्रकरण आहे. आणि पाणी किती नितळ! तळाचा गोटा न् गोटा मोजावा. आम्ही सर्वांनी त्या नितळपणाची तोंड भरून स्तुती केली. त्या स्तुतीतली गोम दुसऱ्या दिवशी कळायची होती.

आता ज्या हॉटेलच्या छपऱ्यांपायी फजचा जन्म झाला, त्या ग्रँड हॉटेलविषयी. रेल्वे कंपन्यांनी आणि आगबोट कंपनीने मिळून ते १८८७ साली उभारले. शहरातल्या उकाड्याला कंटाळलेल्या श्रीमंतांना उत्तरेकडे तिकीट काढून यायला काही निमित्त हवे ना! सगळे लाकडी, पांढरेशुभ्र आणि पुढे ६६० फूट लांबीची ओसरी. जगात एवढी लांब ओसरी दुसरी नाही, असा त्यांचा दावा आहे. तिथे उतरलेले नसाल तर त्या ओसरीवर पाऊल टाकायलाही पैसे पडतात. संध्याकाळी साडेसहानंतर पुरुषांनी कोट घातलाच पाहिजे असा नियम आहे. आमचे साडू म्हणाले, "भाऊसाहेब, कोट घरी राहिलाय. आपण दुपारीच जेवू." मध्यमवर्गीयाला शहाणपण असे अडचणीतूनच सुचते!

दुपारचे जेवण मांडून ठेवलेले असते. आपण उठून हवे ते वाढून घ्यायचे. मांस-मासळी पुष्कळ, परंतु कोशिंबिरी, भाज्या, चीज, फळे आणि पाव यांवर शाकाहारी माणसाचेही भागते. एकदाच पैसे द्यायचे, तेव्हा सकाळची न्याहारी बेताची ठेवून जावे, हा माझा पोक्त सल्ला. इथला मानाचा गोड पदार्थ म्हणजे पेकन बॉल. व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा पेकनच्या तुकड्यांत घोळवतात आणि खाली गरम फजचा रस असतो. पेकन हा अक्रोडाचा भाऊबंद, पण अंगाने नाजूक आणि स्वभावाने गोड.

आमच्या टेबलाशी वाढायला जमैकाची एक मुलगी होती. या हॉटेलात जमैकाहून हंगामापुरती माणसे येण्याची प्रथा जुनी आहे. आत्याची उकडलेली भाजी अळणी पडलेली पाहून ती आपण होऊन लाल मिरचीच्या रसाची बाटली घेऊन आली. "तुमच्याकडे तिखट खातात ना? आमच्याकडेही खातात. आम्हीही करी करतो, रोटी करतो," ती हसून म्हणाली. १८४५ साली मजुरांना घेऊन पहिले जहाज हिंदुस्थानातून जमैकाला गेले. ती माणसे उसाच्या मळ्यांत राबली आणि त्यांच्या गाठोड्यातली हळद-जिऱ्याची चव त्या बेटाच्या जेवणात कायमची उतरली. म्हणजे एका बेटाची चव दुसऱ्या बेटावर, आमच्याच देशाची ओळख सांगत, आमच्या पानात पडली. आत्याने तिचा हात हातात घेऊन घरी कोण कोण असते ते विचारले. घरी आई आणि लहान मुलगा होता. ऑक्टोबरअखेर हंगाम संपला की ती त्यांच्याकडे जाणार होती. बेटावर येताना अन्न जसे पाणी ओलांडते, तसा वाढणारा हातही ओलांडतो, हे त्या दुपारी नीट समजले.

चहाची तल्लफ आली तर टेकडीवरच्या फोर्ट मॅकिनॉत जावे. हा किल्ला इंग्रजांनी १७८० च्या सुमारास बांधायला घेतला, पुढे तो अमेरिकनांकडे आला. १८१२ साली युद्ध पुकारले गेले, परंतु ती बातमी इथल्या अमेरिकन अधिकाऱ्याला कळलीच नाही. इंग्रज रात्रीतून बेटाच्या उत्तरेकडे उतरले, तोफ ओढीत वर आणली आणि १७ जुलैला एकही लढाई न होता किल्ला घेतला! पत्र वेळेवर न येण्याचे इतके मोठे परिणाम फार थोड्यांनी भोगले असतील. अधिकाऱ्यांच्या जुन्या दगडी निवासात आता टी रूम आहे. बाहेरच्या सज्जावर बसले की खाली बंदर, शिडाच्या होड्या आणि दूर १९५७ साली खुला झालेला पाच मैल लांबीचा मॅकिनॉ पूल दिसतो. देखावा पहिल्या प्रतीचा. चहा मात्र अमेरिकेतल्यासारखाच: गरम पाणी वेगळे, दोऱ्याची पुडी वेगळी, आणि दोघांची ओळख आपण करून द्यायची. सूप आणि सँडविच चांगले मिळते.

बोटीच्या अलीकडच्या काठाला, मॅकिनॉ सिटी आणि सेंट इग्नेस या दोन्ही गावांत, पेस्टी नावाचा एक पदार्थ मिळतो. तो चुकवू नये. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले खाणकामगार मिशिगनच्या उत्तर भागात तांब्याच्या आणि लोखंडाच्या खाणींत आले, तेव्हा त्यांनी तो बरोबर आणला. मोठ्या करंजीसारखी मुरड घातलेली कणीक, आत गोमांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा पिवळट कंद. खाणीत हात धुवायला पाणी नाही, ताट नाही, म्हणून जेवण हातात धरता येईल असे केलेले. निव्वळ भाजीची पेस्टीही काही दुकानांत ठेवतात, आत्याने ती विचारून घेतली आणि "करंजीला तिखट सारण! आपल्याला दिवाळीत कसं सुचलं नाही?" असा शेरा मारला.

पिणाऱ्यांची सोय बंदराशी आहे. चिपेवा हॉटेलातले पिंक पोनी हे पानगृह त्यांत नावाजलेले. जुलैमध्ये शिकागोहून ३३३ मैलांची शिडाच्या नौकांची शर्यत निघते ती इथे संपते. तिची पहिली फेरी १८९८ ची. मग दोनतीन दिवस ओल्या कपड्यांतले खलाशी आणि त्यांच्या आरोळ्या यांखेरीज तिथे काही ऐकू येत नाही म्हणतात. आम्ही गेलो ती जूनची शांत संध्याकाळ होती. साडूंनी बियर घेतली. मी आणि सौभाग्यवतींनी आंबट चेरीचा रस घेतला. अमेरिकेतल्या आंबट चेरीपैकी बहुतांश एकट्या मिशिगनमध्ये पिकतात. आत्याने चव घेऊन समाधानाने मान हलवली. "हे बेटावरचं नाही, पण शेजारचं तरी आहे."

तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच रात्री मिळाले. पाण्याकाठच्या एका उपाहारगृहात आम्ही मासे खाणारे व्हाइटफिश खायला बसलो. हा इथला मुख्य पदार्थ: गोड्या पाण्यातला, पांढराशुभ्र, सौम्य, पापलेटाची आठवण करून देणारा मासा. लिंबू-लोणी लावून भाजतात, किंवा लाकडी फळीवर ठेवून बटाट्याच्या कुस्कऱ्याची वेलबुट्टी भोवती काढून शेकतात. धुरावर शेकलेल्या माशाची चटणीसारखी पसरट करून बिस्किटाला लावायला देतात, तीही सुरेख. हळद-तिखट लावून तव्यावर परतला असता तर, हा विचार मनात आलाच; पण परक्या घरी यजमानाची चव प्रमाण मानावी.

आत्याने सवयीप्रमाणे विचारले आणि मेहुणीने तो प्रश्न वाढप्याला इंग्रजीत विचारला. उतारवयाचा, बेटावरच जन्मलेला माणूस. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मासा इथला म्हणायचा. पण आजचा सुपीरियर सरोवरातून आला आहे. इथे आता पूर्वीसारखा मिळत नाही."

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. बेटाच्या मूळ रहिवाशांची, अनिशिनाबे लोकांची, उपजीविका शतकानुशतके या माशावर होती. त्यांच्या भाषेत त्याला आदिकमेग म्हणतात. पुढे कातड्यांचा व्यापार ओसरला तेव्हा मिठात घातलेल्या माशांची पिंपे भरून शहरांकडे पाठवणे हाच बेटाचा धंदा झाला. पाहुणे आले ते त्यानंतर. १८३६ च्या करारात ओडावा आणि ओजिब्वे लोकांनी अफाट जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क सोडला नाही. तो हक्क शाबूत आहे असा निर्णय १९७९ साली न्यायालयाने दिला.

हक्क राहिला, पण मासा राहील ना? नायगाराचा धबधबा टाळण्यासाठी काढलेल्या कालव्याने समुद्रातला लॅम्प्रे हा रक्त शोषणारा, वामासारखा जीव आत शिरला. १९३० नंतर तो ह्यूरन आणि मिशिगन सरोवरांत पोहोचला आणि वीसेक वर्षांत त्याने तिथला ट्राउट मासा जवळजवळ नाहीसा केला. १९५८ पासून ओढ्यांत विशिष्ट औषध सोडून त्याला आवर घालण्यात आला. त्यानंतर १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुसरा पाहुणा आला. परदेशी जहाजांच्या तळाशी तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या पाण्यातून नखाएवढ्या शिंपल्या आल्या: झेब्रा आणि क्वागा. मूळ ठिकाण काळ्या समुद्राकडचे. या शिंपल्या तळावर गालिच्यासारख्या पसरल्या. त्या अहोरात्र पाणी गाळतात आणि त्यातले सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. नुकत्याच जन्मलेल्या व्हाइटफिशचे तेच अन्न. पिल्ले उपाशी मरतात. त्यातच हिवाळ्यात बर्फही पूर्वीइतका धरत नाही, त्यामुळे उथळ पाण्यातल्या अंड्यांचे छप्पर जाते. सुपीरियर सरोवरात शिंपल्यांना कवच बांधायला पुरेसा चुना मिळत नाही, म्हणून तिथला मासा अजून तगून आहे.

ज्या नितळ पाण्याची आम्ही सकाळी एवढी वाखाणणी केली, ते नितळ होते कारण त्यातले अन्न कोणीतरी खाऊन टाकले होते. हे ऐकल्यावर टेबलावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. आत्या मासे खात नाही, पण तीच शेवटी म्हणाली, "स्वच्छ घासलेलं रिकामं पातेलं आहे म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्केट स्ट्रीटवरच्या बिडल हाउसमध्ये गेलो. अगाथा बिडल ही एकोणिसाव्या शतकातली अनिशिनाबे वंशाची व्यापारी स्त्री. तिच्या घरात २०२१ पासून या लोकांचे संग्रहालय आहे. तिथे बेटाच्या जुन्या गोडाची ओळख झाली. फज येण्यापूर्वी इथली साखर मेपलच्या झाडातून येई. वसंताच्या तोंडी खोडाला खाच पाडून रस गोळा करायचा, आटवून दाणेदार साखर करायची आणि बर्चच्या सालीच्या डब्यांत भरून ठेवायची. त्या डब्यांना माकक म्हणत. हेच धन देऊन कापड आणि भांडी घेतली जात. आत्याला झाडाचा गूळ ही कल्पना इतकी पसंत पडली, की तिने मिशिगनच्या मेपलच्या पाकाची बाटली घेतली. पुण्यात आल्यावर घावनांबरोबर आम्ही तो खाल्ला. जोडी उत्तम जमते.

आता जाणाऱ्यांसाठी चार शब्द. हंगाम मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात बहुतेक दुकाने बंद होतात आणि पाचसहाशे माणसे मागे राहतात. सामुद्रधुनी गोठली की ती माणसे नाताळात वापरलेली झाडे बर्फात रोवून वाट आखतात आणि त्या वाटेने सेंट इग्नेसला जाऊन किराणा आणतात. फज एकाच दुकानातून भाराभर घेऊ नये. तीन दुकानांचे छोटे तुकडे घ्यावेत आणि घरी वाद घालावा. एक वेळ ग्रँड हॉटेलात, एक वेळ किल्ल्यावर, बाकी काठावरच्या बाकांवर असा बेत ठेवला तर पोटही भरते आणि पाकीटही रिकामे होत नाही.

आणि मासे खात असाल तर व्हाइटफिश अवश्य मागवा. तो कोणत्या पाण्यातला, हे वाढणाऱ्याला विचारा. त्या वृद्ध वाढप्याने आमचे बिल आणून ठेवले तेव्हा तो आत्याकडे पाहून म्हणाला होता, "या हंगामात कितीतरी लोकांना वाढलं. मासा कुठला, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."